कोकणात तीन गाड्या आणि २७ मेगाहर्ट्झचे सेट: कोणता चॅनेल लावायचा?

वाशिष्ठी (मुलुंड)

नमस्कार मंडळी. गणपतीला दरवर्षी आम्ही तीन गाड्या करून संगमेश्वरजवळ सासरी जातो. पहिली गाडी आमची, मधली धाकट्या दिरांची, शेवटची नणंदेची. लहानमोठी मिळून चौदा माणसं.

गेल्या वर्षी वडखळला चुकामूक झाली. पहाटेचे साडेचार, धो धो पाऊस आणि मध्ये दोन कंटेनर घुसलेले. नणंदेची गाडी अलिबागच्या रस्त्याला लागली आणि थेट पोयनाडची पाटी दिसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. तोवर आम्ही नागोठण्यापर्यंत पोचलो होतो. फोन लावला की एकदा "संपर्क क्षेत्राबाहेर", एकदा नुसतीच शांतता. सासूबाई त्या गाडीत आणि त्यांची इन्सुलिनची पेटी आमच्या डिकीत. पाऊण तास टपरीच्या पत्र्याखाली उभी होते, तो पाऊण तास अजून विसरले नाही.

म्हणून यंदा तिन्ही गाड्यांत वायरलेस ठेवायचं ठरलंय. लॅमिंग्टन रोडला चौकशी केली. एका दुकानात २७ मेगाहर्ट्झचे, हातात धरायचे सेट दाखवले, म्हणाले परवाना लागत नाही. दुसऱ्या दुकानात अर्ध्या किमतीत छोटे काळे सेट होते. "ताई, हा सगळं पकडतो, पोलिसांचंपण ऐकू येईल," असं सांगत होते. मी काहीच न घेता परत आले.

नेटवर वाचलं की चॅनेल ९ आणीबाणीचा आणि १९ प्रवासाचा. आपल्याकडेही तसंच आहे का? नक्की कोणता लावायचा, त्यावर बोलायचं कसं आणि हे सगळं कायद्यात बसतं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

घोडबंदर_बुलेट (ठाणे)

१९ लावा ताई, सगळीकडे तोच चालतो. आणि सेट घेताना जास्त वॅटचा बघून घ्या, घाटात उपयोगी पडतो. शुभेच्छा.

रेडिओरूम (विलेपार्ले)

वाशिष्ठी, इन्सुलिनचं वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो.

मी मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. खलाशी आम्हाला "मार्कोनी साब" म्हणायचे. १ फेब्रुवारी १९९९ ला उपग्रहांवर चालणारी नवी संकटसंदेश व्यवस्था जगभर पूर्ण लागू झाली आणि मोर्स ठोकणाऱ्या आमच्या खुर्च्या जहाजांवरून गेल्या. पण कानाची सवय जात नाही. निवृत्तीनंतर ताम्हिणी, वरंधा, कशेडी या घाटांत मित्रांच्या गाड्यांबरोबर २७ मेगाहर्ट्झचे सेट बरेच वापरले आहेत.

आधी कायदा. २००५ च्या नियमानुसार आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॅटपर्यंत परवाना लागत नाही. म्हणजे लॅमिंग्टन रोडचा पहिला दुकानदार खरं बोलला. पण सेटच्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए ही मंजुरी हवी. तिचा क्रमांक मागून घ्या. ही सूट "वाटून वापरा" तत्त्वावर आहे. तुमच्या बोलण्यात कुणी अडथळा आणला तर तक्रारीला जागा नाही, आणि तुमच्यामुळे परवानाधारक कुणाला त्रास झाला तर सेट तुम्ही बंद करायचा. बुलेटवाल्या मित्रांनी जास्त वॅटचा सल्ला दिला, तो घेऊ नका. ५ च्या वर गेलात की सूट संपली. आणि घाटात मध्ये डोंगर आला की जास्त वॅटनेही फारसा फरक पडत नाही.

हा पट्टा असा विचित्र आकड्यांचा का, हे कळलं की चॅनेलचं कोडं आपोआप सुटतं. २७.१२० च्या दोन्ही बाजूंना १६३ किलोहर्ट्झ मोजा, बरोबर आपला पट्टा मिळेल. हा जगभर कारखान्यांच्या यंत्रांना दिलेला पट्टा आहे. रेनकोट, वह्यांची प्लास्टिकची कव्हरं ज्या यंत्रांवर चिकटवतात, ती याच लहरींवर तापतात. आपली सूट त्या पट्ट्यापुरतीच आहे. अमेरिकेत सीबीचे, म्हणजे सामान्य नागरिकांसाठीच्या या २७ मेगाहर्ट्झच्या रेडिओचे, ४० चॅनेल आहेत आणि ते २७.४०५ पर्यंत जातात. म्हणून बाहेरून आलेल्या सेटवर १ ते ४० आकडे दिसतात. आपले १ ते २७. चॅनेल २७ म्हणजे २७.२७५, तो आत. चॅनेल २८ म्हणजे २७.२८५, तो बाहेर. ओल्या अंगठ्याने बटण एक घर पुढे सरकलं तरी तुम्ही सुटीच्या बाहेर जाता, म्हणून चॅनेल ठरला की सेटवरचं कुलूप लावून ठेवा.

आता ९ आणि १९. अमेरिकेच्या नियमात ९ हा आणीबाणीसाठी आणि प्रवाशांच्या मदतीसाठी राखून ठेवलेला आहे. १९ हा तिथल्या ट्रकवाल्यांनी वापरून वापरून रूढ केला. १९७३ च्या तेलटंचाईत वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली, डिझेल मिळेना, तेव्हा कुठल्या पंपावर तेल आहे हे ते एकमेकांना सीबीवर सांगायचे. ऑस्ट्रेलियात तर पट्टाच वेगळा, ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि तिथे हमरस्त्याचा चॅनेल ४० आहे. सांगायचा मुद्दा असा की आकड्यात काही जादू नाही, पलीकडे कुणी ऐकत बसलंय की नाही याला किंमत आहे. मुंबई-गोवा रस्त्यावर आपल्या ट्रकमध्ये सीबी नसतो. कशेडीत तुम्ही ९ वर कितीही हाका मारल्यात तरी पलीकडे कान नाही. तुमचा सेट तुमच्या तीन गाड्यांमधली दोरी आहे, एवढंच समजा. बाहेरची मदत हवी असेल तर ज्या गाडीला फोनची रेंज आहे तिला सेटवरून सांगा आणि तिने ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ आहे. रेंज नसलेल्या गाडीचा निरोप रेंज असलेल्या गाडीपर्यंत पोचवणं, यासाठीच सेट घ्यायचा.

माझा सल्ला: मुख्य चॅनेल २०, राखीव ५. १३ आणि १४ टाळा, ते २७.११५ आणि २७.१२५ वर, म्हणजे त्या यंत्रांच्या अगदी कुशीत. औद्योगिक वसाहतीजवळून जाताना तिथे घरघर ऐकू येऊ शकते. २३ सुद्धा नको, रिमोटच्या खेळण्यांतल्या गाड्या त्याच २७.२५५ वर चालतात. २० वर खरखर वाढली तर तिघांनीही काही न बोलता ५ वर जायचं, हे निघायच्या आधीच ठरवा. गाडीत बसून ठरवायला गेलात तर एक ५ वर, एक २० वर आणि तिसरी दोन्हीकडे शोधतेय असं होतं. सेटला एएम-एफएम (आवाज लहरीवर चढवायच्या दोन पद्धती) दोन्ही असेल तर तिन्हींवर एकच पद्धत लावा. चॅनेल जुळला आणि पद्धत जुळली नाही तर समोरचा बोबडा ऐकू येतो.

स्क्वेल्च म्हणून एक बटण असतं. कुणी बोलत नसताना ते हळूहळू फिरवा आणि खरखर जिथे थांबते तिथेच सोडा. त्याच्या पुढे नेलंत तर दूरच्या गाडीचा क्षीण आवाजही खरखरीबरोबर गाळला जाईल.

मग बोलण्याची रीत. यात आपली मराठी भाषा एक खोड करते, ती नीट समजून घ्या.

बटण दाबल्यावर सेटला आवाज सोडायला क्षणभर लागतो. म्हणून दाबा, मनात "एक" म्हणा, मग बोला. तसंच शेवटचा शब्द पूर्ण झाल्यावर पुन्हा मनात "एक" म्हणा आणि मग बोट उचला. बहुतेक जण बोट आधी उचलतात आणि शेवटचा शब्द कापला जातो. इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीलाच येतो. आपला शेवटी येतो. "थांबू नका" मधला "नका" कापला गेला की उरतं "थांबू".

ताम्हिणीत एका पावसाळ्यात हे माझ्यासमोर घडलंय. पुढच्या गाडीला वळणावर दरड दिसली. गाडीतला मुलगा घाईघाईने म्हणाला, "पुढे येऊ नका." आमच्या सेटवर आलं "पुढे येऊ", आणि खर्र. माझ्या मित्राला वाटलं तो म्हणतोय, गाडी पुढे येऊ द्या. त्याने गाडी पुढे काढली. वळणाच्या तोंडाशी लाल माती आणि तिच्यावर आडवा पडलेला एक अख्खा उंबर दिसला, तेव्हा आमच्यात आणि त्यात दोन गाड्यांचं अंतर होतं. त्या दिवसापासून आमच्यात नकारार्थी वाक्य बंद. "येऊ नका" ऐवजी "जिथे आहात तिथेच, जिथे आहात तिथेच." "थांबू नका" ऐवजी "चालत राहा, चालत राहा." महत्त्वाचं दोनदा, आणि कापलं तरी उलटा अर्थ निघणार नाही असं.

आकड्यांचंही तेच. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास हे खरखरीत सारखेच ऐकू येतात. किलोमीटरचा दगड वाचताना "चार नऊ" म्हणा. आधी कुणाला, मग कोण, मग कुठे, मग काय: "मधली, मी पहिली. कोलाड सोडलं. डावीकडे पंपावर थांबतेय. संपलं." ज्याला सांगितलं त्याने तेच परत म्हणून दाखवायचं. नुसतं "हो हो" चालणार नाही.

लांब बोलू नका. बटण दाबलेलं असताना तुम्हाला काहीही ऐकू येत नाही आणि बाकी कुणाला त्या चॅनेलवर धड बोलता येत नाही. सगळ्यात घातक म्हणजे सीटच्या फटीत अडकून दाबलं गेलेलं बटण. एका गाडीतली गाणी आणि गप्पा सगळ्यांना ऐकू येत राहतात आणि चॅनेल बंद पडतो. सेट मांडीवर किंवा फटीत नाही, डॅशबोर्डवरच्या कप्प्यात उभा ठेवायचा.

आमच्या रेडिओ रूमच्या भिंतीवर एक घड्याळ असायचं. तबकडीवर तासाच्या पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटांच्या जागी लाल पाचरी रंगवलेल्या. मिनिटकाटा त्या लाल पाचरीत शिरला की जगातल्या प्रत्येक जहाजाने ५०० किलोहर्ट्झवर गप्प बसायचं आणि तीन मिनिटं फक्त ऐकायचं. एखाद्या बुडणाऱ्या जहाजाचा क्षीण आवाज गर्दीत दबू नये म्हणून. मी ती तीन मिनिटं हजारो वेळा ऐकली आहेत. बहुतेक वेळा काहीच नसायचं, तरी हेडफोन कानाला घट्ट दाबून बसायचो. तुम्ही गाड्यांसाठी हीच सवय लावा. पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला सगळ्या गप्पा बंद, आणि शेवटच्या गाडीने तिचं ठिकाण सांगायचं. ती बोलली नाही तर पुढच्या दोन्ही गाड्या सुरक्षित जागा बघून थांबतील. वडखळला हे असतं तर पोयनाडची पाटी दिसायच्या आधीच चूक कळली असती.

चालवणाऱ्याने सेट हातात घ्यायचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये चालवताना हातात धरायचं संपर्क साधन वापरणं हा गुन्हा आहे, त्यात फक्त मोबाइल येतो असं नाही. शेजारी बसलेल्या माणसाने बोलायचं.

राहिला तो काळा सेट, "सगळं पकडणारा". त्याला हात लावू नका. तो परवान्याच्या लहरींवर बोलू शकतो, आणि नुसतं जवळ बाळगणंसुद्धा अडचणीचं आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा सेटच्या ऑनलाइन विक्रीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली: कोणत्या लहरी, परवाना लागतो का, मंजुरी आहे का, हे सांगितल्याशिवाय विकायचं नाही. मला मात्र त्यातलं दुसरंच भय वाटतं. तो सेट १५६.८ मेगाहर्ट्झवरही बोलतो. तो समुद्रातला चॅनेल १६, संकटाचा. मुंबई बंदराजवळ कुणा मुलाने खेळता खेळता त्यावर बटण दाबून ठेवलं तर बाहेर पाण्यात कुणाचा तरी आवाज दबेल. मी आयुष्यभर तो आवाज ऐकायला बसलो होतो.

घोडबंदर_बुलेट (ठाणे)

काका, वॅटचं मला माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो. आमच्या ग्रुपमधल्या दोघांकडे ते काळे सेट आहेत, त्यांना हा धागा पाठवतोय.

ताम्हिणी_रविवार (डोंबिवली)

रेडिओरूम काकांच्या बोलण्याच्या रीतीशी शंभर टक्के सहमत. पण सेटच्या बाबतीत दुसरा पर्यायही सांगतो. २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरही परवान्याची गरज नाही, मर्यादा अर्धा वॅट. ५ वॅटच्या तुलनेत फारच कमी वाटतं, पण अँटेनाचा हिशोब बघा. २७ मेगाहर्ट्झची लहर अकरा मीटरची, तिला पाव लांबीची दांडी द्यायची तर पावणेतीन मीटर. हातातल्या सेटवर फूटभर दांडी असते, बरीचशी ताकद तिथेच वाया जाते. ४४६ ची लहर सदुसष्ट सेंटिमीटर, पाव म्हणजे जेमतेम वीतभर. छोट्या सेटलाही पुरी अँटेना मिळते आणि खिडकीच्या काचेतून आवाज चांगला निघतो. आम्ही तीन गाड्यांत गेली दोन वर्षं हेच वापरतो. मोकळ्या रस्त्यावर दीड-दोन किलोमीटर, घाटात दोन वळणं.

वाशिष्ठी (मुलुंड)

काका, किती मनापासून लिहिलंत! सगळं छापून यांना वाचायला दिलं. "नका" कापलं जाण्याचं तर आम्ही घरात बसून, एकमेकांना बोट लवकर उचलून दाखवून पाहिलं. मुलांना लगेच कळलं.

दोन शंका. ४४६ च्या सेटवर "खासगी कोड" लिहिलेलं असतं, तो लावला तर आपलं बोलणं दुसऱ्याला ऐकू येत नाही ना? आणि २७ चे घ्यावेत की ४४६ चे?

रेडिओरूम (विलेपार्ले)

ताम्हिणी_रविवार यांचा अँटेनाचा हिशोब अचूक आहे. तुमचं काम आगेमागे चालणाऱ्या तीन गाड्यांचं आहे, तेव्हा ४४६ घ्या. मी २७ वापरतो कारण मला त्याचा लळा आहे. सूर्यावर डाग जास्त असतात त्या वर्षांत दुपारी २७ वर हजारो किलोमीटरवरचे, भाषाही न कळणारे आवाज आकाशातून परतून येतात. मला ते ऐकायला फार आवडतं, पण तुमच्या शेवटच्या गाडीचा आवाज तेवढ्यात बुडाला तर काय उपयोग? चॅनेल तिथेही दोन ठरवा, एक मुख्य, एक राखीव. माझी रीत तीच राहील.

कोडबद्दल: तो फक्त तुमच्या कानाला लावलेला बोळा आहे. दुसऱ्यांचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, तुमचं मात्र कुणालाही ऐकू जातं. "घर बंद आहे, सगळे गावाला" असलं काही सेटवर बोलू नका. मी तर म्हणेन कोड लावूच नका. चॅनेल मोकळा आहे असं वाटून तुम्ही कुणाच्या तरी बोलण्यावर बोलाल.

वाशिष्ठी (मुलुंड)

रविवारी दोन गाड्या घेऊन कर्नाळ्यापर्यंत जाऊन आलो, ४४६ चे सेट, ईटीए क्रमांक पावतीवर लिहून घेतला. पळस्पे फाट्यानंतर मुद्दाम अंतर वाढवलं. दीड किलोमीटरच्या आसपास आवाज तुटायला लागला, अभयारण्याच्या वळणांत त्याच्याही आधी. म्हणून ठरवलंय की शेवटची गाडी आरशात दिसेनाशी झाली की पहिलीने वेग कमी करायचा, सेट तुटायची वाट बघायची नाही.

पंधराव्या मिनिटाचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. त्या शेवटच्या गाडीत पुढच्या सीटवर बसणार, घड्याळ बघणार आणि ठिकाण सांगणार. रविवारी पहिल्यांदा बोलल्या तेव्हा बटण दाबून दोन सेकंद गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पहिली, मी शेवटची. कर्नाळ्याची पाटी आली. सगळे बरे आहोत. संपलं." आणि त्यानंतरही बोट उचलायला विसरल्या, मागे नातवाचं "आजी, सोड आता" ऐकू आलं.

इन्सुलिनची पेटी यंदा त्यांच्याच गाडीत.